पेणची तीन टर्मिनलं

गेटवरून फोन यायचा, "काय रे, तुझं मशीन परत झोपलं काय?" फोन ठेवून मी मागे वळेपर्यंत खोलीतली बाकीची टर्मिनलंही थिजलेली असायची. कर्सर लुकलुकायचा, पण दाबलेलं अक्षर उमटायचं नाही. मुख्य मशीनच्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा वर सरकत असायची. मेमरी शिल्लक नाही. तेवढं इंग्रजी मला वाचता येत होतं. का शिल्लक नाही, ते कुठेच लिहिलेलं नसायचं.

ही नव्वदनंतरची गोष्ट, रोह्याच्या एका केमिकल कंपनीतली. आता सर्व्हर म्हणतात, तेव्हा आम्ही मेन मशीनच म्हणायचो. कमरेएवढं उंच, करड्या रंगाचं, आणि कंपनीतल्या एकमेव एसीच्या खोलीत ठेवलेलं. मॅनेजरच्या केबिनलाही एसी नव्हता. त्यावरून लोक मला टोमणे मारायचे. "आम्ही भट्टीजवळ आणि हा थंडीत. नशीब काढलंस."

नशीब काढलं हे खरंच होतं, म्हणून तर भीती होती. माझी शाळा आठवीत सुटली. माझं गाव यवतमाळच्याही पलीकडे. रेल्वेच्या नव्या मार्गाचं काम कोलाडकडे चाललं होतं, तिथे एका मुकादमाबरोबर मी आलो आणि दोन हंगाम माती वाहिली. काम पुढे सरकलं तशी टोळी पुढे गेली. मला तेव्हा कावीळ झाली होती, म्हणून मी मागे राहिलो. बरा झाल्यावर या कंपनीत पोती उचलायला लागलो, मग झाडू मारायला. झाडू मारता मारता एक दिवस कॉम्प्युटर रूममधल्या प्रिंटरचा अडकलेला कागद मी न फाडता काढून दिला, आणि तिथल्या साहेबांनी मला ठेवून घेतलं. आधी कागद लावायला, मग फ्लॉपी सांभाळायला, मग टर्मिनलवर बसायला. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा डबा बाजूला सारून ते मला शिकवत. शिकवताना त्यांनी माझं शिक्षण एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो.

मी रोजंदारीवरच होतो. पण साहेबांनी मला कायम करायचं मनावर घेतलं होतं. त्याचा छापील फॉर्म आला तेव्हा सगळे रकाने त्यांनी माझ्याकडून भरून घेतले. शिक्षणाच्या रकान्यावर माझं पेन थांबलं. "राहू दे, नंतर बघू," म्हणाले आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. त्यानंतर ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला की मी काम सोडून तिकडे बघायचो.

आता मशीनवर काय चालायचं ते सांगतो. आमच्या कंपनीचा कच्चा माल बार्जने धरमतरच्या जेट्टीवर उतरायचा, तिथून पेणच्या डेपोत यायचा आणि डेपोतून ट्रकने रोह्याला. कुठल्या ट्रकमध्ये काय भरलं याची नोंद पेणला व्हायची. तिथे तीन टर्मिनलं होती आणि टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनीने ती रोह्याच्या मशीनला जोडलेली होती. म्हणजे पेणला नुसते पडदे आणि कीबोर्ड, डोकं रोह्याला. नोंदी करायला तीन बायका होत्या. एक मावशी, पन्नाशीला आलेल्या, आणि दोन मुली. तिघी खाडीकडच्या गावांतल्या आणि कंत्राटावरच्या.

पडद्यावरची यादी इंग्रजीत होती. मुली अडखळत वाचायच्या, मावशींना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. दिवसातून तीन-चार वेळा फोन यायचा, "बाबू, आता काय दाबू?" साहेब एक दिवस म्हणाले, "त्यांना मराठीत करून देशील?" मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड तेव्हा नवंच आलं होतं. दोन आठवडे बसून मी यादी मराठीत केली. एक, नवी नोंद. दोन, जुनी नोंद शोधा. तीन, छापा. चार, काम वाढवा. पाच, बंद.

चौथ्याचं मला फार कौतुक होतं. एका ट्रकची नोंद अर्धी झालेली असताना दुसरा ड्रायव्हर घाईत आला तर काय करायचं? आधीची पुसायची का? नाही. चार दाबलं की पहिली नोंद तशीच मागे राहायची आणि नवी कोरी यादी पुढे यायची. ते काम झालं की पाच दाबायचं, म्हणजे ती यादी मिटून आधीची परत समोर. जास्तीचं काम उघडायचं म्हणून नाव दिलं, काम वाढवा.

यादी बसवायला मी स्वतः पेणला गेलो होतो. सगळं दाखवता दाखवता साडेचार झाले आणि रोह्याची एसटी सुटेल म्हणून घाईत निघालो. घरी पत्र लिहिलं की मी कंपनीचं एक काम मराठीत करून दिलंय. आईला वाचता येत नाही. तिने ते पत्र गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं, असं मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका कॉम्प्युटर ब्युरोने रोह्याच्या वजनकाट्यासाठी नवा प्रोग्राम बसवला. आणि साधारण आठ दिवसांनी मशीन पहिल्यांदा झोपलं.

सगळ्यांनी वजनकाट्यालाच धरलं. मीही. मशीन बंद करून चालू केलं की ते ठणठणीत व्हायचं आणि आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा तेच. ब्युरोच्या माणसाला फोन लावला तर म्हणाला, "मेमरी कमी आहे तुमची, वाढवून घ्या." साहेबांनी वर भांडून मेमरीच्या दोन पट्ट्या मागवल्या. त्या बसवल्यावर मी दोन रात्री नीट झोपलो. मग आठ दिवसांऐवजी पंधराव्या दिवशी मशीन झोपलं. काहीतरी मेमरी खात होतं, आणि आपण फक्त ताट मोठं केलं होतं.

स्टोअरमध्ये एक जुने भाऊ होते, रोह्याचेच. रोज खिडकीशी येऊन विचारायचे, "मेमरी आली काय परत?"

"आहे भाऊ."

"बदाम भिजत घाल त्याला. आमच्या नातवाला देतो मी. पाढे येतात आता."

सगळे हसायचे, मीही हसायचो. हसताना ड्रॉवरकडे बघायचो.

वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही चार दिवस काढून ठेवला. चारही दिवस काटेवाल्यांनी हाताने पावत्या लिहिल्या आणि मला शिव्या घातल्या. मेमरी तरी उतरतच होती. मग मी एसीवर संशय घेतला. मग विजेवर. मग छपाईवर, कारण महिनाअखेरीला खूप कागद निघायचे. एकेका संशयाला चार-पाच दिवस जायचे आणि तो खोटा ठरायचा. मॅन्युअल मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शब्दकोश शेजारी ठेवून दिवसाला दोन पानं व्हायची. मशीनवर आत्ता कोण कोण काय चालवतंय याची यादी दाखवणारी एक आज्ञा साहेबांनी शिकवली होती. ती मी द्यायचो, पण यादी पडद्यापेक्षा लांब होती. भराभर वर सरकून नाहीशी व्हायची आणि खालच्या वीसेक ओळी तेवढ्या राहायच्या. त्यांत काही वावगं दिसायचं नाही. वर सरकलेलं थांबवायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. साहेबांना विचारायची लाज वाटली. एवढंही येत नाही म्हणतील.

मग मी एक वाईट गोष्ट करायला लागलो. मेमरी संपत आली असं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही बघून, मशीन बंद करून चालू करायचो. विचारलं तर लाइट गेली होती म्हणून सांगायचो. लाइट जायचीच, त्यामुळे कोणाला शंका यायची नाही. असं तीनदा केलं. चौथ्या वेळेला पेणला कोणीतरी जेवण टाकून नोंद करत बसलं होतं. ती नोंद अर्ध्यावर गेली. ट्रक कागदाशिवायच निघून नागोठण्यापर्यंत आला होता, त्याला कागदासाठी परत फिरवावं लागलं. ड्रायव्हर रोह्याला पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. खिडकीतून आत वाकून तो म्हणाला, "इथं कोण बसतो? त्याला बाहेर काढा, मला त्याचं तोंड बघायचंय." मी प्रिंटरच्या मागे कागद लावत होतो. तिथेच वाकून राहिलो.

साहेबांना ते कळलं असणार. दहा दिवसांनी त्यांनी मला समोर बसवलं.

"हेड ऑफिसचं पत्र आलंय. येत्या सोमवारी ब्युरोचा माणूस येतोय. मशीन का झोपतं ते त्याने शोधलं तर खोली त्यांच्याकडे जाणार, कंत्राटावर. त्यांची माणसं बसतील."

"आणि मी?"

"तू परत लोडिंगला. तेही मी सांगून बघेन." मग थोडं थांबून म्हणाले, "फॉर्मचं काही खरं नाही मग."

तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी मी पोत्यांच्या शेडवरून मुद्दाम गेलो. पाठीवर गोणपाट टाकून माणसं चालली होती. मला अजून जमेल का, हे मी बघत होतो. जमलं असतं. पण घरच्या पत्रात काय लिहायचं?

एक गोष्ट मात्र मी केली होती, तीही भीतीपोटीच. मशीन कधी झोपेल याचा अंदाज राहावा म्हणून रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला उरलेल्या मेमरीचा आकडा एका वहीत लिहायचो. बुधवारी ती वही घेऊन बसलो. आकडे पाठ झाले होते, पण त्यांच्याकडे असं ओळीने कधी बघितलंच नव्हतं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रोज साधारण सारखीच घट. सहा ते दुसऱ्या दिवशी आठ, काही नाही. म्हणजे दिवसाच कोणीतरी खातंय. आणि मधेमधे एक दिवस असा यायचा की सकाळचा आकडा संध्याकाळीही जवळजवळ तोच. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. ते सगळे रविवार होते.

रोह्याला रविवारी सुट्टी नव्हती. कंपनी तिन्ही शिफ्ट चालायची, काटा चालायचा, गेट चालायचं. रविवारी बंद असायचं ते फक्त पेण.

मी साहेबांकडे गेलो आणि लाज सोडून विचारलं, "ती यादी वर निघून जाते, ती कागदावर घेता येते का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आज विचारतोस?" आज्ञेपुढे दोन शब्द जास्त लिहायचे होते, एवढंच. प्रिंटर किरकिरत सुरू झाला आणि थांबेचना. कागद टेबलावरून खाली उतरला. मी जमिनीवर बसून बोटाने ओळी मोजल्या. रोह्याची नऊ टर्मिनलं, नऊ ओळी. पेणची तीन टर्मिनलं. त्यांच्या ओळी तीस. सगळ्यांवर नाव एकच, माझ्या मराठी यादीचं.

तीन माणसं आणि तीस याद्या उघड्या. प्रत्येक यादी मेमरीचा एकेक घास धरून बसलेली.

"त्या बायका काहीतरी नको ते दाबत असणार," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "शनिवारी जा आणि बघ. जे सापडेल ते लिहून आण. ऑपरेटरची चूक म्हणून मी सोमवारच्या आत वर पाठवतो. ब्युरोची गरजच नाही."

"त्यांना काही होईल का?"

"कंत्राटदार बदलून देईल दुसऱ्या."

मला आनंद झाला. हे लिहायला आज जड जातं, पण झाला. खानावळीत त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

शनिवारी पहिल्या एसटीने पेणला गेलो. डेपोच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. पावसाचे दिवस, सण जवळ आलेला, त्यामुळे पत्र्याखाली ओळीने गणपती मांडलेले. काही पांढरे, काही रंगवलेले, डोळे कोणालाच नाहीत. डोळे लिहिणारा माणूस हमरापूरहून यायचा होता. मावशींचा नवरा आधी मिठागरात होता. तो गेल्यावर मावशी बरीच वर्षं याच कारखान्याच्या विक्रीच्या फळीवर बसल्या होत्या. डेपोतली नोकरी नंतरची.

"आला गो आपला बाबू!" मला बघून त्या ओरडल्या. "वाळलास रं. तिकडं जेवाया देत नाय का तुला?"

"देतात मावशी."

"मग तोंड असा काय? लगीन ठरलंय?"

मुली हसल्या. मला हसता येईना. मी एक स्टूल घेऊन मागे बसलो. "तुम्ही करा काम," म्हटलं, "मी नुसता बघतो."

दिवसभर बघितलं. त्या काहीही चुकत नव्हत्या. एक दाबून नोंद, तीन दाबून छपाई, पुन्हा एक. ड्रायव्हर आले, गेले. दुपारी मावशींनी त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी मला दिली, नको म्हटलं तरी. मी त्यांचं खात होतो आणि खिशातल्या कागदावर त्यांची चूक लिहायची वाट बघत होतो. तीन वाजले, चार वाजले. चार नंबर कोणी दाबलाच नाही. काहीच सापडलं नाही तर सोमवार होता.

साडेपाचला शेवटचा ट्रक गेला. मावशी उठल्या. खिडकीची एक फळी लावली, टेबलावरून फडकं फिरवलं, कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. मग आपल्या टर्मिनलसमोर येऊन दोन बोटं कीबोर्डाला लावली आणि कपाळाला लावली.

"चला गो," त्या मुलींना म्हणाल्या, "वाढवा."

तिघींनी एकदम चार दाबलं. तिन्ही पडद्यांवर कोरी, स्वच्छ यादी आली. मग एकेकीने मागे हात घालून टर्मिनलचं बटण बंद केलं आणि पदर, पर्स सावरू लागल्या.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की धाकटी मुलगी दचकून भिंतीला टेकली.

"काय झाला रं?"

"मावशी, चार का दाबलंत?"

"मग काय दाबू? काम वाढवायचा ना?"

"वाढवायचं नाही, बंद करायचं होतं! पाच दाबायचं!"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवासमोर काही अभद्र बोललो. "दिवेलागणीला बंद कोण बोलतं रं? देवापुढं उदबत्ती लावलीय ना. दुकान बंद बोलत नाय, वाढवतात. एवढी वर्सं फळीवर बसले, एक दिवस बंद बोलले नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तूच तर लिवलंयस. काम वाढवा. मी ह्या पोरींना बोल्ले पन, इंग्रजीवाल्यांना कळत नाय, पन ह्यो पोरगा शान्या आई-बापाचा हाय. बरोबर लिवलंय."

"आणि पाच?"

"त्यो आमी हात लावत नाय. कंपनी बंद झाली मंजे?"

धाकटी म्हणाली, "दादा, काय चुकलं का आमचं?"

मी स्टुलावर बसलो. दुकान वाढवणं मला काय माहीत नव्हतं? माझ्या गावच्या वाण्यानेही संध्याकाळी दुकान वाढवलेलंच मी बघितलं होतं. बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात. पण मशीनसमोर बसून लिहिताना माझ्या डोक्यात इंग्रजी होतं. जास्त करा, म्हणून वाढवा. पेणच्या डेपोत बसलेल्या बाईने तो शब्द तिच्या मराठीत वाचला. आणि संध्याकाळी शेवटाला काय दाबायचं ते दाखवायच्या आत मी एसटी पकडायला पळालो होतो.

रोज संध्याकाळी तीन याद्या मिटायच्या ऐवजी तीन नव्या उघडत होत्या. टर्मिनलचं बटण दाबून फक्त पडदा काळा होत होता. रोह्याला यादी जागीच राहायची. सकाळी पडदा लावला की कोरी यादी समोर, म्हणून त्यांनाही संशय यायचं कारण नाही.

"मावशी," मी म्हटलं, "सोमवारपासून..." मग तिघींना परत बसवलं आणि एकेका टर्मिनलवर पाच, पाच, पाच दाबत राहिलो. यादीखालून यादी निघत होती. मावशी बघत होत्या. "एवढा सगळा आमी केला?" असं त्यांनी एकदाच, हळू विचारलं. निघताना म्हणाल्या, "आमाला काढतील का रं?"

परतीच्या एसटीत मी खिशातला कागद बाहेर काढला. कोराच होता. ऑपरेटरची चूक, असं लिहिलं तर ते खोटंही नव्हतं. दाबलं तर त्यांनीच होतं. मी बचावणार होतो, साहेब बचावणार होते. माझी चूक असं लिहिलं तर पहिला प्रश्न यायचा, याला प्रोग्राम लिहायला कोणी सांगितलं आणि हा शिकलाय किती? मग साहेबही अडकणार, ज्यांनी मला पोत्यांतून उचललं. नागोठणं येईपर्यंत मी साहेबांच्या बाजूने विचार करत होतो. नागोठण्यानंतर कळलं की साहेबांचं नाव पुढे करून मी स्वतःलाच वाचवतोय. रोह्याला उतरलो तेव्हाही काही ठरलं नव्हतं. रविवारी खाडा केला आणि दिवसभर खोलीवर पडून होतो.

सोमवारी साहेब लवकर आले. "सापडलं?"

सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि 'वाढवा'पाशी आल्यावर त्यांना हसू फुटलं. मग हसू गेलं.

"पण दाबलं त्यांनीच. मी तसंच लिहितो."

"नको साहेब."

"गप्प बसायला तुला काय होतंय? तुझ्यासाठीच करतोय ना मी?"

"शब्द माझा आहे."

"आणि विचारलं की शिक्षण किती, तर?"

मी इतकी वर्षं त्यांना न सांगितलेलं तेव्हा सांगितलं. "आठवी."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," म्हणाले. "मला वाटलं होतं, दहावी बाहेरून करून घेशील तोवर निभेल."

अकरा वाजता ब्युरोचा माणूस आला. माझ्याच वयाचा, टाय लावलेला. साहेबांनी त्याच्यासमोर मलाच सांगायला लावलं. मी सांगितलं. त्याने माझी यादी उघडून पानं वरखाली केली, बराच वेळ. "लॉजिक ठीक आहे," म्हणाला. "शब्द चुकलाय." मग अहवालाच्या कागदावर विचारून विचारून लिहिलं. मेनू कोणी लिहिला. शिक्षण किती. मी आठवी म्हटलं तेव्हा त्याने एकदा मान वर केली आणि पुन्हा लिहायला लागला. पेणच्या ऑपरेटरांची चूक नाही, हे वाक्य साहेबांनी त्याच्याकडून लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मला काढलं नव्हतं. मी टर्मिनलवर बसू शकत होतो, रोजंदारीवर, पूर्वीसारखाच. कायम करण्याचा प्रश्न नव्हता. आणि यापुढे मशीनवरचा कुठलाही शब्द बदलायचा नव्हता, तो ब्युरोच बदलेल. त्यांनी माझी मराठी यादी काढून टाकली आणि इंग्रजी परत बसवली. साहेबांना वरून बरंच ऐकावं लागलं असणार. मला त्यातलं एक अक्षर त्यांनी कळू दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीतलं शिकवणंही थांबवलं नाही. पत्र आलं त्या दिवशीही डबा बाजूला सारून म्हणाले, "मॅन्युअल कुठपर्यंत आलं?"

इंग्रजी यादी दाखवायला पेणला मलाच पाठवलं. या वेळी मी संध्याकाळपर्यंत थांबलो. मावशी आकड्यांवर नीट चालवत होत्या. एकला हे, तीनला ते. साडेपाचला फळी लागली, उदबत्ती झाली. त्या टर्मिनलसमोर आल्या आणि बोट पाचवर नेऊन थांबल्या.

"हितं काय लिवलंय?"

मुली पडद्याकडे बघायला लागल्या. थोरलीला इंग्रजी अक्षरं लागत होती. तिचे ओठ हलताना मला दिसले.

"येते, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"येते?"

"हो. निघताना म्हणतो ना आपण. येते."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मग मावशींकडे. पर्स उचलली.

"मग बरा हाय," मावशी म्हणाल्या, आणि पाच दाबलं.